नावेचा मुक्काम पोस्ट

शिडाची नाव विकत घेण्यास थोडे पैसे आणि पुष्कळसा उत्साह एवढे भांडवल पुरते. परंतु ती ठेवावी कोठे, या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी मनुष्याने आपल्या आप्तेष्टांची निवासस्थाने, त्यांचे पूर्वीचे हुद्दे आणि त्यांच्या स्वभावातील हेकटपणा यांची एक यादी करून पाहावी, हे बरे. माझी नाव लहान, फायबरची, एका डोलकाठीची आणि दोन शिडांची आहे. मुंबईच्या एका गृहस्थांनी हौस फिटल्यामुळे ती विकायला काढली आणि मी, हौस नुकतीच उत्पन्न झाल्यामुळे, ती घेतली. व्यवहार एका दुपारीत उरकला. तिच्या मुक्कामाचा प्रश्न मात्र जळगाव, धुळे आणि रेवदंडा या तीन ठिकाणी एकदमच सुनावणीस निघाला, आणि ज्याची नाव त्याला वगळून इतर सर्वांचे जबाब झाले.

वस्तुतः शिडाच्या नावेला वारा आणि पाणी या दोनच गोष्टी लागतात, आणि त्यांपैकी निम्मी सामग्री खानदेशात विपुल आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची जी पाती गरगरत असतात ती काही शोभेसाठी उभारलेली नाहीत. आणि वैशाखातल्या संध्याकाळी जळगावच्या गच्चीवर वाळत घातलेले धोतर ज्या वेगाने शेजारच्या आळीत दाखल होते, तो वेग पाहून एखाद्या तांडेलालाही हेवा वाटावा. खोळंबा आहे तो उरलेल्या निम्म्या सामग्रीचा. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधला हा मुलूख केळीला, कापसाला आणि भरताच्या वांग्याला सढळ हाताने देतो. नौकानयनाचा विचार त्याने कधी केलेला नाही. मालगुंडचे केशवसुत शिक्षकी करण्यास फैजपुराला आले, पालगडचे साने गुरुजी अंमळनेरला आले; कोकणातून इकडे अशी थोर माणसे आली खरी, परंतु येताना कोणी होडी बरोबर आणली नाही, यात त्यांचा व्यवहारीपणाच दिसून येतो.

खानदेशी माणसाचे पाण्याशी असलेले नाते मुळातच दिवाणी स्वरूपाचे आहे. पांझरेच्या काठी कित्येक पिढ्या चालत आलेली फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, म्हणजे नदीला बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, शिवाराचे फड पाडून एकेका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याच्या देखरेखीखाली ठरल्या पाळीने प्रत्येकाच्या वावरात पाणी सोडायचे, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पाणी ही सामाईक मिळकत असून तिचा हिस्सा मोजून घ्यावयाचा असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा मिळकतीवर एका माणसाने शीड उभारून निष्कारण इकडून तिकडे जावे आणि तिकडून पुन्हा इकडे यावे, हा तिच्या दृष्टीने बिनपरवाना कब्जाच. धुळ्याचे आमचे मामा पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांनी नावेची बातमी ऐकताच दूरध्वनीवरच निकाल दिला : “अरे भाचा, आठे पेवाले पानी नही, नि तुले नाव कसाले जोयजे?”

परंतु मामा प्रत्यक्ष आले, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखावा तसे नावेभोवती सावकाश फिरले, दोन ठिकाणी थापटून पाहिले, आणि आश्चर्य असे की तिच्या बाजूचे झाले. अर्थात तिच्या बाजूचे होणे म्हणजे नकाणे तलावाच्या बाजूचे होणे. हा तलाव धुळे शहराला पाणी पुरवतो, त्याच्या दरवाजांची, पाटचाऱ्यांची आणि गाळाची माहिती मामांना स्वतःच्या नातवंडांच्या जन्मतारखांपेक्षा अधिक पक्की आहे, आणि तिथे नाव ठेवल्यास ती “आपल्या नजरेखाली” राहील, या शब्दांतील आश्वासन व धोका मला सारखाच कळला. जळगावचा मेहरूण तलाव त्यांनी एका वाक्यात बाद केला. तेथे सकाळी फिरायला येणाऱ्यांची संख्या लाटांहून अधिक असते आणि त्यांतील प्रत्येकाजवळ सल्ला असतो. शिवाय अनंत चतुर्दशीला सारे शहर गणपती घेऊन तेथे उतरते, त्या गर्दीत माझ्या नावेचेही विसर्जन होण्याचा संभव होता. हा मुद्दा मला बिनतोड वाटला. तलावाच्या कैवारासाठी मामांनी आणखी एक साक्षीदार उभा केला, तो खडकवासल्याचा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी, ज्यांतले काही पुढे युद्धनौका चालवतात, ते शीड सोडायला शिकतात ते धरणाच्याच पाण्यावर. तेव्हा नौदलाला जे गोडे पाणी चालते ते आमच्या भाच्याला खारट का लागावे, असा त्यांचा सवाल होता.

या सवालाचे उत्तर रेवदंड्याहून आले. माझे व्याही कुंडलिकेच्या मुखाशी राहतात, आणि समुद्र ही आपली वडिलोपार्जित जागा असून सरकारने ती केवळ देखभालीसाठी घेतली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. “अहो व्याहीबुवा,” ते म्हणाले, “तळ्यात काय नाव ठेवता? तळ्यात बदकं ठेवावीत.” मग त्यांनी समुद्राच्या वाऱ्याची थोरवी सांगितली, आणि ती खोटी नव्हती. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, रात्र सरता सरता जमिनीकडून मतलई वारे सुटतात; पहाटे एकाने बाहेर जावे, दुपारी दुसऱ्याने घरी परतावे, इतकी ती शिस्त. आमच्याकडे डोंगराच्या खिंडीतून उतरणारा वारा कधी पाठीवर थाप मारतो, कधी मध्येच चर्चा सोडून निघून जातो, आणि नाव पाण्याच्या मध्यावर उभी राहून शिडाला वाऱ्याची वाट पाहायला लावते. मुंबईचा रॉयल यॉट क्लब १८४६ पासून समुद्राकाठी आहे तो काही वेड्यांनी काढला नाही, असेही व्याह्यांनी सुनावले. उलट किनाऱ्याचे दोष त्यांनी अत्यंत मायेने सांगितले : बुडाला चिकटणारे शेवाळ आणि कालवे वरचेवर खरवडावी लागतात, लोखंडाचा प्रत्येक खिळा गंजण्यासाठीच जन्माला येतो, आणि पावसाची चाहूल लागली की नाव ओढून वर घ्यावी लागते, ती शाकारून ठेवावी लागते, व नारळी पौर्णिमेपर्यंत तिच्याकडे नुसते पाहावे लागते. १ जून ते ३१ जुलै हे दिवस सरकारने मासेमारीला बंद ठरवले आहेत. समुद्राने ते पूर्वीच ठरवले होते.

साखरपुडा माझ्या पुतण्याचा होता, परंतु दोन्ही पक्ष समोरासमोर आल्यावर पाहुण्यांना लाभला तो हा खटला. व्याह्यांनी तलावाच्या वर्मावर बोट ठेवले : उन्हाळ्यात तुमचा तलाव आटला की नाव भेगाळलेल्या गाळात बसणार. मामांनी पाण्याचा पेला शांतपणे खाली ठेवला आणि विचारले की ओहोटीला खाडीत नाव कशात बसते. चिखलात, असे कबूल करणे व्याह्यांना भाग पडले. “म्हणजे आमचा तलाव वरीसमा एकदाव आटस,” मामा म्हणाले, “नि तुमनी खाडी रोज दोनदाव!” यावर रेवदंड्याकडून उलटतपासणी झाली नाही, जिलेबी मागवण्यात आली.

तडजोड म्हणून नावेला बदलीवर ठेवण्याची एक तजवीज पुढे आली. पावसाने समुद्र बंद होतो आणि त्याच पावसाने तलावाला जाग येते. तेव्हा श्रावण ते फाल्गुन नाव तलावावर, चैत्र आणि वैशाख किनाऱ्यावर, आणि ये-जा कसारा घाटातून मालट्रकने. कागदावर ही योजना इतकी सुबक होती की माझ्या पत्नीने तिच्या खाली ट्रकचे भाडे मांडून दाखवीपर्यंत तिच्यात कोणालाही खोट आढळली नाही. भाडे नावेच्या किमतीशी स्पर्धा करीत होते, आणि काही वर्षांत जिंकणार होते.

याच सुमारास शेजारच्या निवृत्त भूगोल-शिक्षकांनी तापीचे नाव काढले. मुलताईला उगम पावून सुमारे सव्वासातशे किलोमीटर पश्चिमेस वाहणारी आणि सुरतेजवळ खंभातच्या आखाताला मिळणारी ही नदी आपल्याच दारावरून जाते. मोगलाईत बऱ्हाणपूर आणि खानदेशचा माल ज्या सुरत बंदरातून जगभर गेला, तेच खरे पाहता आपले बंदर. मग नाव येथे पाण्यात सोडावी व वाटेल तेव्हा समुद्रावर न्यावी, की प्रश्नच मिटला. गोव्याची ‘म्हादेई’, जिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती नौकासुद्धा मुक्कामाला मांडवी नदीतच असे, हेही गुरुजींना ठाऊक होते. विचार भव्य होता. मात्र नकाशा उघडल्यावर दिसले की भुसावळजवळच हतनूरचे ४१ दरवाजे असलेले धरण आहे, त्यापुढे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा हे बंधारे आहेत, नंतर उकाई, त्यानंतर काकरापार, आणि हे सर्व ओलांडून सुरतेस पोहोचावे तो तेथेही नदीवर बंधारा. अंमळनेरजवळच्या पाडळसे धरणाचे काम अनेक वर्षे अपुरे असल्यामुळे तेवढ्या एका ठिकाणी माझ्या नावेला फारशी हरकत होणार नव्हती. पण इतक्या सवलतीवर समुद्रपर्यटन आखणे मला धाडसाचे वाटले.

निवाडा अखेर लागला तो अजिंठ्याला. पाहुण्यांना लेणी दाखवण्यास गेलो असता दुसऱ्या लेण्यात पूर्णाच्या अवदानातील ते जहाज पुन्हा पाहिले : तीन डोलकाठ्या, उंच शिडे आणि आत रचून ठेवलेले घडे. पूर्ण हा सोपाऱ्याचा, म्हणजे अस्सल किनाऱ्यावरचा व्यापारी. परंतु त्याच्या कथेतले गलबत कोणा चित्रकाराने समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात आणून ठेवले, आणि तेथे त्याला शेवाळ धरले नाही, खिळे गंजले नाहीत, भाडे पडले नाही. घडे पाहून मामा गहिवरले. पिण्याचे पाणी बरोबर घेऊन निघणारा खलाशी खानदेशचाच असणार, याविषयी त्यांना शंका उरली नाही. आणि ज्या वाघूर नदीच्या वळणावर ही लेणी कोरलेली आहेत, तीच नदी खाली उतरून जळगावनजीक धरणात अडते, आणि आमच्या नळाला पाणी येते ते त्याच जलाशयातून, हे मी इतकी वर्षे ठाऊक असूनही विचारात घेतले नव्हते.

वाघूरचे पाणी उन्हाळ्यात उतरते, पण शहराची तहान त्यावर अवलंबून असल्याने अगदी तळ सहसा गाठत नाही. वारा लहरी आहे, तो राहील. माझे मत मात्र जलशास्त्रावर बेतलेले नाही. नाव चालवण्याची वेळ वर्षातून थोडी, नाव पाहण्याची इच्छा रोजची. दोर नीट गुंडाळला आहे ना, रात्रीच्या वाऱ्याने शीड सुटले नाही ना, एवढ्या क्षुल्लक चौकशीसाठी चहा झाल्यावर उठून जाता आले तरच त्या मालकीला काही अर्थ. रेवदंड्याला ठेवलेली नाव व्याह्यांची झाली असती, नकाण्याला ठेवलेली मामांची. वाघूरवर ती निदान वादग्रस्त तरी माझी राहणार होती.

राहिला तो परवानगीचा अर्ज. नव्या अंतर्देशीय जलयान कायद्याने २०२१ साली १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला खरा, परंतु ज्या कचेरीत मी गेलो तेथील छापील नमुन्याचे वय मला दोन्हींच्या मध्ये कोठेतरी वाटले. त्यात ‘नावेचे प्रयोजन’ असा रकाना होता आणि त्याखाली मासेमारी, प्रवासी वाहतूक व बचावकार्य अशा तीनच गोष्टी होत्या. मी प्रांजळपणे ‘वाऱ्याबरोबर हिंडणे’ असे लिहून दिले; कारकुनाने ते वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि अर्ज अत्यंत अदबीने परत केला. मामांनी माझ्या हातून कागद घेऊन ‘बचावकार्य’ यावर खूण केली. परवाना मिळाला. त्याबरोबर माझे नाव पूरनियंत्रणाच्या यादीतही चढले, आणि पहिला दमदार पाऊस होताच वरून विचारणा आली की नाव सज्ज आहे काय, माणसे किती मावतील, आणि इंजिन किती अश्वशक्तीचे आहे. मी कळवले की माणसे तीन, इंजिन नाही, वारा असल्यास नाव निघेल. उलट टपाली खुलासा मागवण्यात आला : वारा नसल्यास काय?

मी मसुदा करीत बसलो होतो. मामांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला, आणि सरकारी नोकरीतील सारा अनुभव एकवटून म्हणाले, “त्यामा काय इचार करस? वारा नही त पूर बी नही, लिखी टाक!”