उपोषणाची कैफियत

(रंगमंचावर एक खुर्ची, एक स्टीलचे पातेले, दाराशी अंथरलेले गोणपाट. साठी उलटलेले एक गृहस्थ काखेत फाइल घेऊन प्रवेश करतात. पातेल्यात डोकावतात, गोणपाटाकडे पाहतात, सुस्कारा सोडतात आणि मग प्रेक्षकांकडे वळतात.)

ठाणेकर रसिकहो, ज्यांच्या नावाने हे रंगायतन १९७८ पासून मासुंदा तलावाच्या काठी उभे आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनी आपले ‘राजसंन्यास’ हे नाटक रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याला अर्पण केले होते. तेव्हा एका कुत्र्याविषयी या व्यासपीठावरून बोलण्याचे जे धाडस मी आज करीत आहे, त्यात निदान परंपराभंग तरी घडत नाही. फरक इतकाच, की माझा कुत्रा डोंबिवलीचा, टिळकनगरातला, लिफ्ट असलेल्या इमारतीतला आहे. आणि गडकऱ्यांना आपल्या कुत्र्याला जेवू घालावे लागले नव्हते.

मी ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. सातबारा, फेरफार, वारसनोंदी आणि हरकती यांत ज्याची उमर गेली, आणि समोर उभ्या असलेल्या अर्जदाराला त्याचा अवमान न होता आणि आपले आसन न हलता ‘उद्या या’ असे सांगण्याच्या शास्त्रात ज्याने प्रावीण्य संपादन केले, त्या माणसालाच एखादा चतुष्पाद, पुढ्यात दोन वेळचे ऊन अन्न मांडलेले असता, मान न उचलता केवळ एका डोळ्याने ‘उद्या या’ असे सांगेल, ही घटना सेवापुस्तकात नोंदवावी अशीच होती. पण सेवापुस्तक बंद झालेले.

शेजारचे जोडपे तरुण. तो वागळे इस्टेटीत संगणकाच्या कंपनीत, ती घोडबंदर रस्त्यावर तसल्याच दुसऱ्या. दोघांनाही एकाच सुमारास टोरांटोला जाण्याचा योग आला, आणि जाताना मुलगी आमच्याकडे किल्ली, कुत्रा आणि दोन पानी यादी देऊन गेली. ‘काका, तुमच्यावर सोडून जातेय हं.’ हे एवढेच माझे मुखत्यारपत्र. ना मुद्रांक, ना साक्षीदार! कुत्र्याचे नाव मोका; आमच्या कुटुंबाने किल्ली हाती येताच त्याचे मोकाशी केले, आणि त्याची बसण्याची ऐट पाहता तो हुद्दा त्याला शोभतोही.

जातीने तो लॅब्रॅडॉर. आता लॅब्रॅडॉर म्हणजे अन्नाविषयी कमालीची आसक्ती असलेली जात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली असे दाखवून दिले, की यांपैकी सुमारे चौथाई कुत्र्यांच्या जनुकात एक असा दोष असतो, ज्यायोगे त्यांची भूक सहसा शमतच नाही. मी म्हटले, चला, सुटलो. परंतु आमचे मोकाशी उरलेल्या तीन-चतुर्थांशांत मोडतात, हे त्याच रात्री निष्पन्न झाले. पातेले भरलेले. मोकाशी दाराशी. नाक दाराच्या फटीला.

(गोणपाटाशी वाकून, अदबीने.)

‘मोकाशी, जेवून घ्या. राजा, एक घास. हा काऊचा. हा चिऊचा.’ …काऊ येऊन आपला घास खरोखरीच घेऊन गेला.

नामदेवमहाराजांची कथा आपण सारे जाणता: कुत्र्याने भाकरी पळविली, आणि ती कोरडी लागेल म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. धन्य ते संत, आणि मी म्हणेन, त्याहून धन्य तो कुत्रा! कारण त्याने निदान भाकरी उचलण्याचे अर्धे काम तरी आपणहून केले होते. माझ्या एका हातात तुपाची वाटी, दुसऱ्या हातात भाकरी, आणि कुत्रा जागचा हलायला तयार नाही, अशा स्थितीत नामदेवमहाराजांनी काय केले असते, याचा खुलासा कोणत्याही पोथीत नाही.

ही वार्ता इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. डोंबिवलीत पाणी उशिरा येते, वार्ता नाही. एकेक कुटुंब दर्शनाला येऊ लागले. ‘अहो, काय ही निष्ठा!’ ‘माणसांत उरली नाही हो.’ कोणी मोबाइलवर छायाचित्र घेतले, कोणी डोळे पुसले, आणि तळमजल्यावरच्या आजींनी तर त्याला वाकून नमस्कार केला. त्या साऱ्या भाविकांच्या मेळ्यात हे उपोषण सुटावे अशी इच्छा धरणारा मी एकटाच असल्यामुळे, मीच काय तो भावनाशून्य ठरलो! एका गृहस्थाने मला जपानातल्या हाचिकोची गोष्ट सांगितली: धनी १९२५ साली निवर्तला, आणि कुत्रा १९३५ पर्यंत रोज शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहत राहिला. ‘बघा!’ म्हणाले, ‘दहा वर्षे!’ मी म्हटले, ‘साहेब, दहा वर्षे वाट पाहिली म्हणता, त्याअर्थी दहा वर्षे जेवला असला पाहिजे.’ आणि खरोखरच त्याच्या मरणोत्तर तपासणीत पोटात काय सापडले, ठाऊक आहे? कोंबडीचे तुकडे ज्यांना टोचून भाजतात त्या काड्या! स्थानकाबाहेरच्या दुकानांचा तो प्रसाद. निष्ठा आपल्या जागी आणि कोंबडी आपल्या जागी, हे हाचिकोला कळले होते.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर साताऱ्याच्या शाहू महाराजांचे घ्या. शिकारीत वाघापासून प्राण वाचविले म्हणून महाराजांनी आपल्या कुत्र्याच्या नावे जहागिरीच्या सनदा करून दिल्या आणि पालखीचा सरंजाम लावून दिला, असे ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात नमूद आहे. संगम माहुलीला त्या खंड्याची समाधी आजही दाखवितात. (जहागिरीचा वसूल कोण जमा करीत असेल, आणि ताकीदपत्रावर पंजा उमटवीत असतील काय, हे प्रश्न माझ्यासारख्या महसुली माणसाला झोप येऊ देत नाहीत.) पण त्या देणगीचे कारण काय? वाघावर धावून जाणे. उपाशी राहिल्याबद्दल बिघाभर जमीन इनाम दिल्याचे एकही दप्तर माझ्या पाहण्यात नाही.

अखेर मी गुरांच्या नव्हे, कुत्र्यांच्या डॉक्टरांना फोन केला. शांत मनुष्य. म्हणाले, ‘पाणी पितो ना? मग आजचा दिवस घाबरू नका. धडधाकट मोठा कुत्रा धन्याच्या वियोगाने एखादा दिवस खात नाही. दोन दिवस उलटले, किंवा ओकारी, जुलाब, मरगळ दिसली, तर मात्र वाट न पाहता घेऊन या. पिल्लू असते तर एवढीही मुदत दिली नसती. अन्न कोमट करून द्या, वास सुटतो. पाव तास ठेवा; नाही खाल्ले तर मुकाट्याने उचला. आणि काका, कांदा-लसूण नको. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट तर मुळीच नको. विष आहे ते.’

कांदा-लसूण वर्ज्य आणि उकडलेली कोंबडी मात्र विहित! आमच्या घराण्यात इतके चातुर्मास झाले, पण असा चातुर्मास कोणी पाळल्याचे ऐकिवात नाही. कोंबडी अर्थातच शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिजली. मी नाकाला उपरणे लावून ढवळीत होतो, आणि आमचे कुटुंब उंबऱ्याबाहेर उभे राहून, आयुष्यात कधी न केलेल्या पदार्थाविषयी, ‘अजून मऊ होऊ द्या’ अशा सूचना देत होते.

वास सुटला. सबंध मजल्यावर सुटला. मोकाशींनी एकदा नाकपुड्या हलविल्या, आणि पुन्हा दाराची फट गाठली.

आता कारकुनाच्या बुद्धीचा चमत्कार पाहा. पावलॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या कुत्र्यांच्या तोंडाला अन्न दिसण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्या माणसाची पावले वाजली, की पाणी सुटत असे. मी विचार केला: मोकाशींचे जेवण पातेल्यापाशी सुरू होतच नाही. ते सुरू होते ठाणे स्थानकावर! मुलगा संध्याकाळची गाडी पकडतो, डोंबिवलीला उतरतो, लिफ्टचे दार आदळते, किल्ल्या खुळखुळतात, पिशवी धपकन पडते, बूट सुटतात, आणि या साऱ्या कामकाजाच्या शेवटी, जणू ठरावाच्या अखेरीस सही पडावी तसे, पातेले खाली येते. मधली सगळी कलमे वगळून मी एकदम सहीच करायला निघालो होतो. प्रकरण मंजूर व्हावे कसे?

(खुर्चीवरचा चुरगळलेला टी-शर्ट उचलून सदऱ्यावरून कष्टाने चढवितो.)

हा त्याचा, न धुतलेला. धन्याच्या अंगाच्या वासाने जनावराला धीर येतो, असे डॉक्टरच म्हणाले होते. अर्थात तो गोणपाटाजवळ ठेवा म्हणाले होते, अंगात घाला म्हणाले नव्हते.

(पाठीला पिशवी अडकवून बाहेर जातो. लिफ्टच्या दाराचा आवाज. किल्ल्या. आत येतो, पिशवी आदळतो, मोठ्याने.)

‘श्शी! काय ती गर्दी! मुंब्र्यापर्यंत एका पायावर! बदलापूरवाल्यांनी दारात उभंसुद्धा राहू दिलं नाही!’

मोकाशी उठले! शेपूट हलली! धावत आले, माझा टी-शर्ट हुंगला, बूट हुंगले, आणि मग अत्यंत सौजन्याने मला बाजूस सारून माझ्या मागे, जिन्यात, खरा मालक कोठे राहिला ते पाहू लागले. जिन्यात वॉचमन उभा होता. शेजाऱ्यांच्या कपड्यांत, शेजाऱ्यांची पिशवी घेऊन, शेजाऱ्यांच्या दारात उभा असलेला सेवानिवृत्त अव्वल कारकून त्याने प्रथमच पाहिला असावा. पंचनामा तेवढा टळला.

त्यानंतर मी विनवणी सोडली. रागाने नव्हे, थकव्याने. ठरल्या वेळी कोमट अन्न मांडले, टी-शर्ट गोणपाटावर टाकला, आणि त्याच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र उघडले. घास नाही, काऊ नाही, इतिहास नाही. अग्रलेख संपायच्या आत मागून आवाज आला. चप्. चप् चप्. मी वळलो नाही, रसिकहो! महसूल खात्यात इतकी वर्षे काढल्यावर, कागद हलू लागला की त्याच्याकडे पाहायचे नसते, एवढे मला कळते.

आणि नेमका त्याच क्षणी टोरांटोहून फोन. तिकडची सकाळ, म्हणजे आपली संध्याकाळ. पडद्यावर मुलगी.

(मोबाइल समोर धरून.)

‘अगं, जेवला! सगळं जेवला!’

पलीकडे शांतता.

‘…सगळं?’

‘पातेलं चाटतोय.’

‘अच्छा.’ (स्वर पडलेला.) ‘म्हणजे आमची आठवण नाही काढत फारशी.’

मंडळी, आयुष्यभर मी खालून आलेल्या कागदावर वरच्यांना रुचेल असा शेरा मारीत आलो. ती विद्या अशा वेळी उपयोगी पडायची नाही तर केव्हा? मी तत्काळ निवेदन सादर केले: ‘अगं, जेवतो, परंतु मन लावून नाही. प्रकृतिरक्षणार्थ काय ते दोन घास. प्रत्येक घासागणिक दाराकडे बघतो.’

‘खरंच, काका?’ डोळे भरून आले तिचे. ‘मला बघू द्या ना त्याला!’

(मोबाइल गोणपाटाकडे वळवीत, दातांखालून.)

‘हो, हो, दाखवतो हं… मोकाशी, ते पातेलं सोडा. सोडा म्हणतो! मान खाली. शेपूट बंद करा ती… अगं, रेंज जातेय बहुतेक… मोकाशी, तोंडाचा भात पुसा, आणि जरा उदास व्हा!’

(अंधार.)