लॅग-निवारण : नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

ऑनलाइन गेममध्ये मेल्यावरचे पहिले तीन सेकंद फार मोलाचे असतात. तेवढ्यात माइकवर ‘लॅग आहे रे’ म्हणून घ्यावं. उशीर झाला तर टीममधला दुसरा कोणीतरी म्हणून मोकळा होतो, आणि एका राउंडमध्ये दोघांचा लॅग कोणी ऐकून घेत नाही. एवढं जमलं की निम्मं शिक्षण झालं. लॅग खरोखर आहे का, आणि असला तर कुठे, हे उरलेलं निम्मं फक्त हौशी लोकांसाठी.

आधी रोग ओळखावा. चित्रच अडखळत असेल, लॅपटॉपचा पंखा घरघरत असेल आणि कीबोर्ड बोटांना गरम लागत असेल, तर नेटला दोष देऊ नये. ग्राफिक्स कार्डाला झेपत नाहीये. सेटिंग कमी करावं आणि गप्प बसावं. चित्र छान चाललंय, पण पुढे पळालेले तुम्ही अचानक चार पावलं मागे खेचले जाताय, गोळ्या लागूनही समोरचा ठणठणीत आहे, तर हा अस्सल लॅग. गेमच्या सेटिंगमध्ये पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारे निरोप) दाखवायची सोय असते, ती चालू करावी. पिंग चाळीसच्या आत असेल तर तक्रारीला जागा नाही, शंभरच्या वर असेल तर पूर्ण हक्क आहे. तीस, दोनशे, चाळीस, एकशे ऐंशी अशा उड्या मारत असेल तर मात्र काही खरं नाही. स्थिर ऐंशीची हाताला सवय होते, उड्यांची होत नाही.

इथे प्रत्येक नवशिक्या स्पीड टेस्ट लावतो आणि तीनशे एमबीपीएसचा आकडा सगळ्यांना दाखवत सुटतो. त्याने काही सिद्ध होत नाही. बहुतेक शूटर गेमना एक एमबीपीएससुद्धा पुरते. गेमला हवं असतं ते वेळेवर जाणं आणि वेळेवर परत येणं. हे मोजायचं ‘पिंग’ नावाचंच हत्यार माइक मूस या अमेरिकी प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं, तेही नेटवर्क विचित्र वागतंय म्हणूनच. ते आजही प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये फुकट पडून आहे.

कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडाव्यात. एकीत स्वतःच्या राउटरला पिंग लावावा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१), दुसरीत बाहेरच्या इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. विंडोजमध्ये दोन्हीकडे शेवटी ‘डॅश टी’ द्यावं, म्हणजे चारवर न थांबता तो चालूच राहतो. मग खेळायला बसावं. राउटरच्या खिडकीत आकडे उसळले तर दोष घरातला. ती शांत आणि दुसरीत धुमाकूळ, तर दोष राउटरच्या पलीकडच्या वायरीत. पण एवढ्यावर केबलवाल्याला फोन लावू नये, का ते पुढे येईल.

दोष घरातला असेल तर राउटर कुठे ठेवलाय ते बघावं. बहुधा तो हॉलमधल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, गणपती आणि शाळेतल्या ट्रॉफीच्या मधे असतो. धूळ बसू नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि दिसायला बरं म्हणून अँटेना दुमडलेल्या. तिथून तुमच्या खोलीपर्यंत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. रुमाल काढावा, पण आईच्या देखत नाही. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बरी जाते, पण अख्ख्या सोसायटीचे राउटर तिच्यात दाटीने बसलेत, आणि मायक्रोवेव्हही तिथेच गुणगुणतो. जवळ असाल तर ५ गिगाहर्ट्झ घ्यावी. मात्र खरा उपाय एकच, लॅन केबल. शंभर मीटरपर्यंत ती बिनबोभाट चालते, म्हणजे टू बीएचकेत अंतराची सबब नाही. सबब असते ‘हॉलमधून वायर दिसता कामा नये’ ही. स्कर्टिंगच्या कडेने क्लिपा ठोकून न्यावी. टोकाच्या पिनची ती चिमुकली प्लॅस्टिकची जीभ तुटली असेल तर नवी केबल घ्यावी. जीभ नसलेली पिन टक करून बसत नाही, नुसती टेकून राहते, आणि मॅचच्या शेवटच्या राउंडला टेबलाला गुडघा लागतोच.

आता सगळ्यात कठीण प्रकरण. केबल लावली, राउटरची खिडकी शांत, तरी रोज रात्री साडेनऊला बाहेरचा पिंग तीनशेवर. केबलवाल्याचा दोष वाटतो ना? बाबांचा फोन बघावा. घरी येऊन त्यांनी तो वाय-फायला जोडला, चार्जिंगला लावला, आणि पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ गूगल फोटोजवर चढायला लागले. एकाने रेशनच्या रांगेत पुढे उभं राहून आख्ख्या चाळीची कार्डं काढावीत, आणि मागच्याला फक्त पाव किलो साखर हवी असावी, तशी तुमच्या बंदुकीच्या गोळीची गत होते. राउटर काही फेकून देत नाही, सगळं साठवून रांग लांबवतो. २०१० साली जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला घरून मोठ्या फायली पाठवताना हेच दिसलं, पिंग एका सेकंदाच्या वर. त्याने या दुखण्याला बफरब्लोट म्हटलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवायची युक्ती काढली. चांगल्या राउटरमध्ये ती ‘एसक्यूएम’ नावाने मिळते. ती चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर आणावी, की लग्नही चढतं आणि गोळीही जाते. कंपनीने फुकट दिलेल्या डब्यात ती बहुधा नसते. मग बाबांशी बोलावं. ‘बाबा, जरा बॅकअप थांबवता का’ असं म्हटलं की ‘अजून किती वेळ चाललंय तुझं ते’ असं उत्तर येतं. परीक्षेच्या आठवड्यात विचारू नये.

हे सगळं निस्तरूनही दुसरी खिडकी धुमाकूळ घालत असेल तरच तक्रार करावी. ‘राउटर बंद करून चालू करा’ हे ऐकावं, केल्याचं सांगावं. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर मात्र फोनही नको. बाहेर रस्ता खणणारा जेसीबी बघून यावा.

सर्व्हर निवडताना मुंबईचाच घ्यावा. सिंगापूरला लोक सभ्य खेळतात अशी एक समजूत आहे, पण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत जवळपास ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन एकोणचाळीस मिलिसेकंद जाणारच, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही. प्लॅन वाढवून यात फरक पडत नाही.

शेवटी भिंतीमागे लपल्यावर मरण येण्याबद्दल. ते चीटिंग नसतं. गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी जे दिसत होतं, तिथपर्यंत सर्व्हर काळ मागे नेतो आणि नेम लागला का ते तपासतो. त्याच्या पडद्यावर तुम्ही अजून दारातच होतात. अशा वेळी ओरडण्याआधी स्कोअरबोर्ड उघडून मारणाऱ्याचा पिंग पाहावा. दीडशे निघाला तर मोठ्याने वाचून दाखवावा. पंधरा निघाला तर स्कोअरबोर्ड बंद करावा.