गाडी दारात, चावी गहाळ

जुन्या स्पोर्ट्स कारची चावी किंवा रिमोट हरवल्यास भिवंडीतील मालकाने प्रथम गोडाऊनांकडे पाहू नये. तसा मोह होणं साहजिक आहे. अंजूरफाट्यापासून मानकोलीपर्यंत, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे असं जिकडे पाहावं तिकडे गाळेच गाळे. न्हावा शेवाला उतरलेला कंटेनर इथे येऊन रिकामा होतो. मुंबईच्या जकात हद्दीच्या अलीकडे म्हणून हा धंदा इथे फोफावला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोडाऊनं राहिली. त्यांत फ्रीज आहेत, बूट आहेत, बाळांचे डायपर आहेत, आणि रिमोटमध्ये घालायचा सेलही पेट्यांनी पडून असेल. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीची चावी तेवढी त्यात नसते. ती मागवल्यावर बनते, आणि मागवणारा मालकच आहे हे आधी सिद्ध व्हावं लागतं.

स्पोर्ट्स कार कशाला म्हणावं, हे आधी ठरवून घेऊ. १९९८ साली आलेली, गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म निर्विवाद पात्र आहे: दोनच माणसांची जागा, फायबरची बॉडी आणि रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. अश्वशक्ती साठ, पण दिसायला नऊशे. परदेशातून आलेली पोर्शे बॉक्स्टर तर पात्र आहेच. वाद आहे तो फियाट पॅलिओ १.६ बद्दल. २००१ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीला मागे माणसं बसतात, डिकीत भाजीच्या पिशव्या मावतात. मात्र शंभर अश्वशक्तीचं इंजिन आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर असल्याने मालक तिला स्पोर्ट्स कारच म्हणतो. या मार्गदर्शिकेत त्याचा शब्द प्रमाण मानला आहे. यापुढे तो कुठेही प्रमाण मानला जाणार नाही, म्हणून इथे तरी.

पहिली पायरी नाक्यावरच्या चावीवाल्याची. कोरी पट्टी तो मेणबत्तीवर धरून काजळवतो, कुलपात घालून हलकेच हिसडे देतो, बाहेर काढून उमटलेले ठिपके पाहतो आणि तेवढंच कानसतो. असं दहा-बारा वेळा झालं की दरवाजा उघडतो. ही कारागिरी पाहण्यासारखी आहे आणि मालकाने ती मनापासून पाहावी, कारण समाधान देणारा हा प्रवासातला शेवटचा टप्पा. (कुलपात यंत्रमागाची रुई आणि रस्त्याची धूळ जमली असेल तर तेल ओतू नये, तेलाने त्याचा लगदा होतो. ग्राफाइटची पूड वापरावी.) मग चावी फिरवावी. स्टार्टर फिरतो. इंजिन एक तर पेटतच नाही, किंवा पेटून क्षणात मान टाकतं. डॅशबोर्डवर एक दिवा लुकलुकू लागतो. चावीवाला म्हणतो, "शेठ, चिपवाली आहे. ओरिजिनल आणा, मग डुप्लिकेट बनवतो."

त्याचं बरोबर आहे. युरोपात १९९५ च्या नियमाने नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. तेव्हापासून चावीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं कडं असतं. ते साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने चिपला जागं करतं, चिप आपला नंबर सांगते आणि तो जुळला तरच इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी मिळते. म्हणजे चावीचं लोखंड दरवाजापुरतं. गाडीचा खरा मालक हा नंबर.

नंबर कागदावर असतो आणि कागद हरवलेला असतो. फियाटने या बाबतीत ग्राहकाची फार काळजी घेतली होती. इमोबिलायझरच्या सुरुवातीच्या काळात फियाट कूपेसारख्या गाड्यांबरोबर नेहमीच्या चाव्यांशिवाय एक लाल चावी मिळे. ती गाडी चालवण्यासाठी नव्हतीच. नव्या चाव्यांची ओळख गाडीला करून देण्यापुरती होती. त्यामुळे लोकांनी ती अत्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवली, आणि ते ठिकाण आजतागायत सुरक्षित आहे. पुढे लाल चावी गेली, पाच आकडी नंबराचं कोड कार्ड तेवढं राहिलं. त्या पिढीच्या फियाटच्या पुस्तिकेत या कार्डाच्या आधारे गाडी चालू करण्याचा एक विधी दिला आहे, तो जसाच्या तसा पाळावा. चावी फिरवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा. दिवा साधारण आठ सेकंद जळून विझतो. पाय काढावा. दिवा लुकलुकू लागतो, तेव्हा मोजावं. नंबराचा पहिला आकडा ७ असेल तर सातव्या लुकलुकीला पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, दिवा विझेपर्यंत धरावा, सोडावा आणि दुसऱ्या आकड्यासाठी मोजायला लागावं. असे पाच आकडे. एक लुकलुक चुकली की पहिल्यापासून. सगळं जमलं तर दिवा भराभर मिचकावून संमती देतो आणि इंजिन चालू होतं. ते बंद केलं की पुढच्या वेळी सगळं पुन्हा. मानकोली नाक्यावर, मागे ट्रेलरचा हॉर्न वाजत असताना, चौथा आकडा मोजणाऱ्या माणसाशी कुणी बोलू नये.

असा नंबर कुणाला फोडता येणार नाही, असं वाटलं असेल तर शास्त्रज्ञांची गोष्ट ऐकावी. मेगामोस क्रिप्टो नावाची चिप ऑडी, पोर्शे, फेरारी, मासेराती यांच्या काही मॉडेलांत वापरलेली होती. रोएल व्हेरडुल्ट, फ्लाव्हिओ गार्सिया आणि बारिश एगे या तिघा संशोधकांनी तिची ९६ बिटांची गुप्त किल्ली कशी काढता येते ते शोधलं. २०१३ मध्ये फोक्सवॅगन इंग्लंडच्या न्यायालयात गेली आणि निबंध छापण्यावर मनाई आणली. तो बाहेर यायला २०१५ उजाडलं. दोन वर्षं वकील भांडत होते ते चोराला हे कळू नये म्हणून. मालकाला ते कळावं यासाठी अद्याप कुणी न्यायालयात गेल्याचं दिसत नाही.

आता रिमोट. रिमोट बंद पडला म्हणजे सेल गेला, असं समजून सुरुवात करावी. पुष्कळदा ते खरंही निघतं. सेल जेमतेम जिवंत असेल तर रिमोट हनुवटीला टेकवून बटण दाबावं. हे थट्टेचं नाही. डोक्यातलं पाणी लहरींना हातभार लावतं आणि पल्ला वाढतो. पार्किंगमध्ये लोक पाहतील, पाहू द्यावं.

सेल बदलूनही भागलं नाही तर मालक परदेशी संकेतस्थळावर जुना रिमोट शोधतो. तिथे हुबेहूब दिसणारा, निम्म्या किमतीचा रिमोट हमखास सापडतो आणि तो हमखास अमेरिकेतला असतो. अमेरिकेतले बरेच रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, युरोपातले ४३३.९२ वर. युरोपी गाडी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय रेडिओ लहरी सोडणारी वस्तू आयात करायची तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते, हे कस्टमने पार्सल अडवल्यावर समजतं. तिसरा मार्ग नवं कव्हर घेण्याचा. झिजलेल्या मुठीऐवजी चकचकीत घडीची मूठ, दोनशे-तीनशे रुपयांत. यात जुनी मूठ कचऱ्यात जाते आणि तिच्यात चिकटवलेली चिपही. गाडी बंद पडते ती नेमकी चावी नवी झाल्याच्या दिवशी.

यावर काही गॅरेजांत एक देशी तोड आहे: असलेली एकमेव चिप काढून इग्निशनच्या कड्याशेजारी टेपने कायमची चिकटवून टाकायची. मग कुठलीही साधी चावी चालते. चोराचीसुद्धा.

बॉक्स्टरच्या मालकांसाठी खास सूचना पावसाळ्याची. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचा डबा सीटखाली, जमिनीलगत आहे. कापडी टपाच्या पाणी जाण्याच्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि डबा भिजतो. मग हातातली चावी चांगली असूनही गाडी तिला ओळखत नाही. ज्या शहरात कामवारी नदी फुगली की तीनबत्तीचा बाजार पाण्यात जातो, तिथे ही रचना धाडसी म्हणावी लागेल. डबा सुकवून त्यातल्या मेमरी चिपमधली माहिती नव्या डब्यात उतरवणारे कारागीर असतात. त्यांचा पत्ता पाऊस येण्याआधी मिळवावा.

उरला अधिकृत मार्ग. चावी हरवल्याची नोंद पोलिसांत करावी. भिवंडी ठाणे आयुक्तालयात येते आणि नारपोली, शांतीनगर, भोईवाडा, निजामपुरा यांपैकी आपलं ठाणं कोणतं हे चावी जिथे हरवली त्यावर ठरतं. कुठे हरवली ते ठाऊक असतं तर ती हरवली नसती, हा युक्तिवाद तिथे करू नये. नोंदीचा कागद, आरसी, ओळखपत्र घेऊन डीलरकडे जावं. चॅसी नंबर पाहून तो चावी कंपनीकडून मागवतो. जुन्या गाडीच्या आरसीवर पुष्कळदा आधीच्या मालकाचंच नाव असतं, त्यामुळे आधी ते बदलावं लागतं. गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला न्यावी लागते. चावीसाठी कागद, कागदासाठी गाडी, गाडीसाठी चावी. इथे टोचन लावून गाडी नेणाऱ्याचा नंबर उपयोगी पडतो.

कंपनीच गेली असेल तर अधिकृत मार्ग आखूड होतो. सॅन स्टॉर्म केव्हाच बंद झाली. फियाटच्या नावाने मोटारी विकणं भारतात २०१९ च्या सुमारास थांबलं. शेजारच्या कल्याणात १९९४ नंतर काही वर्षं प्युजो ३०९ बनत होती. आज तिची चावी मागायला कुणी जायचं ठरवलं तर दारच सापडायचं नाही. अशा वेळी चिनी प्रोग्रॅमर यंत्र बाळगणारा चावीवाला हाच डीलर, हाच कारखाना. नाक्यावर नीट चौकशी केली की तो भेटतो. गाडीचा इमोबिलायझर काढून, त्यातली चिमुकली मेमरी वाचून, नवी चिप तो तिथल्या तिथे लिहितो.

त्याच्याकडे जाताना घरातल्या उरलेल्या सगळ्या चाव्या बरोबर न्याव्यात. पुष्कळ गाड्यांत नवी चावी नोंदवताना जी समोर नसेल ती यादीतून पुसली जाते. काम झाल्यावर हरवलेली चावी रेनकोटच्या खिशात सापडेल, तेव्हा ती दरवाजा उघडेल, इंजिन नाही. तरीही ती फेकू नये, जपून ठेवावी. उद्या गाडी चोरीला गेली तर दावा मंजूर करण्याआधी विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि चालत नसली तरी मूळ तीच आहे.