पासिंगपुरता उजेड

मासळी वाहणाऱ्या टेम्पोच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो, की त्या दिवशी त्याचे सगळे काही चालते. हॉर्न वाजतो, वायपर फिरतो, हँडब्रेक ओढल्यावर गाडी खरोखर थांबते. मागे नवे रेडियम चकाकते, शेजारच्या टेम्पोतून मागून आणलेला अग्निशामक सीटखाली विराजमान होतो आणि बारा महिने नारळाच्या शेंड्यांवर रोखलेले हेडलाइट रस्त्याकडे बघू लागतात.

हा दिवस पासिंगचा.

व्यावसायिक गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२४ साली मुदत टळली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागत होते. त्याच वर्षी राज्यातले रिक्षा-टॅक्सीवाले याच ५० रुपयांविरुद्ध आंदोलनाला उतरले होते. मुदत टळू नये म्हणून पासिंगच्या आदल्या संध्याकाळी रेवदंड्याचा टेम्पो अलिबागच्या मिस्त्रीपुढे हजर होतो.

फोकस लावणे तसे सोपे. सपाट जागा, सगळ्या टायरांत बरोबर हवा, ड्रायव्हर सीटवर आणि समोर १० मीटरवर भिंत. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची, डिपर लावायचा आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली येईपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवायचा. दुसरा स्क्रू डाव्या-उजव्यासाठी. पण समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे दोन्ही स्क्रू गंजून कधीच एकजीव झालेले असतात. मग डिझेल, हातोडी आणि शिवी, या क्रमाने उपचार होतात. पिवळ्या पडलेल्या काचेला टूथपेस्ट लागते.

‘किती खाली घेऊ, शेठ?’

‘पास होईल एवढा घे. रात्री परत वर करायचाय.’

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०६ व्या नियमाने या कामासाठी एक माणूस कल्पिला आहे. तो दिव्यापुढे ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर सरकून उभा असतो आणि त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतात. ते दिपता कामा नयेत. नाही तर झोत खाली वळवण्याची सोय चालकाच्या हाती हवी. सोय प्रत्येक गाडीत आहे. कार्लेखिंडीत समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाशी ती असते आणि खिंड संपेपर्यंत बोटाशीच राहते.

सकाळी टेम्पो निघतो पेणच्या आरटीओकडे. पोयनाड गेले, वडखळ आले, की मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्याच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. या रस्त्यावर माणसाचे मणके जागचे हलतात, तिथे स्क्रूची काय कथा! अलिबागेत खाली बघणारा दिवा पेणला पोहोचेपर्यंत कुठे बघेल, ते मिस्त्रीही छातीठोकपणे सांगत नाही.

आणि या दिव्याची परीक्षा होते कचेरीच्या वेळेत, कोकणातल्या लखलखीत उन्हात. शिवाय टेम्पो रिकामा. रात्री मागे बर्फ आणि सुरमई-पापलेटच्या पेट्या चढल्या, की त्याचा मागचा भाग बसतो, नाक वर होते आणि दुपारी पास झालेला झोत समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या थेट डोळ्यांत जातो. प्रमाणपत्र मात्र खिशात असते.

ब्रेक नीट न तपासताच फिटनेस मिळतो, म्हणून पुण्याचे श्रीकांत कर्वे उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २५० मीटरचा चाचणी ट्रॅक सक्तीचा केला आणि २०१७ साली तो नसलेल्या आरटीओंना प्रमाणपत्रे देण्यापासून रोखले. ट्रॅकसाठी जमीन लागते, निधी लागतो. दिव्याच्या चाचणीसाठी नुसता अंधार लागला असता आणि तो महावितरण पावसाळाभर विनामूल्य पुरवते. पण तो कोणी मागितलाच नाही. २०२१ साली केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. यंत्राला दुपार आणि मध्यरात्र सारखीच, ते दिव्याचा झोत मोजूनच बघते. पण मासळीच्या पेट्या भरून तेही बघत नाही.

एवढे सगळे त्या टेम्पोच्याच नशिबी, पाहुण्यांच्या खासगी गाड्यांच्या नाही. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाड्या थेट मांडव्याला उतरतात. शुक्रवारी रात्री त्यातून बाहेर पडणाऱ्या उंच गाड्यांमध्ये हॅलोजनच्या रिफ्लेक्टरात घरून बसवून आणलेले पांढरेशुभ्र एलईडी असतात. रिफ्लेक्टर घडलेला हॅलोजनच्या तारेसाठी. त्यात दुसरा बल्ब कोंबला, की उजेड वाट फुटेल तिकडे पळतो. या गाड्यांना पासिंग कधी? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. आरटीओत तपासणीला जायचे ते त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळी. ब्रिटनमध्ये खासगी गाडी तीन वर्षांची झाली, की दरवर्षी तपासणी होते आणि तीत हेडलाइटचा रोखही बघतात. आपल्याकडे तीन वर्षांत मालक गाडीच बदलतो, म्हणजे तपासणीचा प्रश्नच मिटला.

तेव्हा शनिवार-रविवार साधून किहीम-नागावला येणाऱ्या पाहुण्यांना एकच विनंती: चोंढी नाक्याच्या पुढे मासळीचा टेम्पो समोरून आला, तर अप्पर मारून त्याला शिकवू नका, आधी आपला डिपर द्या. त्याचा फोकस वर्षा-दोन वर्षांतून एकदा, दुपारी का होईना, सरकारने पाहिलेला असतो. तुमचा शोरूम सोडल्यापासून कोणीच पाहिलेला नाही.