तुम्ही घरीच आहात ना?

मे महिन्यात सोसायटीत सापडणारा माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी राजापुराहून पुण्याला परत आलोच नसतो. सासुरवाडीच्या ओटीवर आडवा पडून राहिलो असतो. जावई म्हणून तेवढा हक्क होता.

पण पुढे सिमला होतं, आणि दोन्हींच्या मधला हा मोकळा आठवडा रेल्वेच्या कृपेने मिळालेला. पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 60 दिवसांवर आलं, पण माझा आळस जुन्याच वेळापत्रकाने चालत राहिला. शेवटी झेलम एक्स्प्रेसची जी तारीख पदरात पडली ती घेतली. "बरंच झालं, जरा घरी आराम होईल," बायको म्हणाली. मी तर मनात आरामाचा आराखडाच काढला. उशिरा उठायचं, जेवायला आमरस, मग पडदे ओढून थेट संध्याकाळपर्यंत झोप, आणि उठल्यावर माठातलं वाळ्याचं पाणी. कुणाचा फोन घ्यायचा नाही.

फोन कुणी केलाच नाही. सगळे थेट दारात आले.

पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे. उजाडायच्या आत. पाठीला सॅक, खाली रिक्षा घरघरतेय. "तुम्ही घरीच आहात ना?" असं म्हणेपर्यंत किल्ली माझ्या तळहातावर आलेलीसुद्धा होती. "फक्त झाडांना पाणी. आणि गॅसवाला येईल, त्याचा ओटीपी पाठवतो." मग समोरचे आले, मग वरचे, मग शेजारच्या विंगमधले, ज्यांच्याशी माझं आजवरचं संभाषण पार्किंगवरून झालेल्या भांडणापुरतं होतं. त्यांनीही किल्ली दिली, वर "तुमच्यासारखे शेजारी आहेत म्हणून बिनघोर जाता येतं" असं म्हणाले. मी विरघळलो. आठवडा अर्धाही झाला नव्हता आणि जुन्या वाड्यातल्या खमक्या सासूबाईसारखा मी कमरेला जुडगा लावून जिने चढत-उतरत होतो.

झाडांचं प्रकरण वाटलं तितकं साधं नव्हतं. एकीची तुळस रोज पाणी मागणारी, दुसरीचं जेड आठवड्यातून एकदाच, आणि एका घरी अडेनियम, त्याच्या कुंडीवर चिठ्ठी: "पाणी घालू नये." ही चिठ्ठी कुंडीच्या मागच्या बाजूला होती. मी सर्वांना समान न्यायाने तांब्या-तांब्या पाणी घातलं. अडेनियमचं बूड मऊ पडून त्याने मान टाकली, तेव्हा कुठे कुंडी फिरवून पाहिली.

घरात आंब्यांनी वेगळाच मोर्चा काढला होता. मेहुण्याने प्रेमाने पेट्या लादल्या होत्या आणि दिवाणाखाली पेंढ्यात आढी घातली होती. हापूस एकेक करून, सवडीने पिकतो असा माझा भाबडा समज. एक पिकला की तो शेजाऱ्याला पिकवतो, तो पुढच्याला, आणि त्यातून पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला. एका सकाळी अख्खी आढी एकदम तयार. ज्यांना वाटायचे ते सगळे गावाला, आणि त्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. मग नाश्त्याला आंबा, जेवायला रस, चारला आंबा, रात्री पुन्हा रस. उरलेला रस आटवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरीच होतो. तो रटरटताना जे शिंतोडे उडवतो, त्यांच्या खुणा अजून मनगटावर आहेत.

आणि तशात आल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. आजी कुठेही गेल्या नव्हत्या; त्यांना कुरडया करायच्या होत्या. गहू तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवलेले, वाटून, गाळून, चीक रात्रभर बसवलेला. आता शिजवताना ढवळायला दणकट हात हवा होता. "तू घरीच आहेस ना रे?"

चीक ढवळणं म्हणजे काय ते ज्याने ढवळलाय त्यालाच ठाऊक. मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात आजी वरून धार सोडतात, आणि पातळ ताकासारखा दिसणारा तो पदार्थ पाहता पाहता लाटणं धरून ठेवतो. फिरवायचं थांबलात की गुठळी. "अरे, जोर लाव. काय ऑफिसात नुसतं बसतोस का?" शेवटी चीक काचेसारखा चकचकला, तेव्हा तो सोऱ्यात भरून आम्ही गच्चीवर प्लॅस्टिकवर कुरडयांची चक्रं पाडली. आजींची दिसायला फुलं. माझी जी होती ती आजींनी कडेच्या रांगेत, टाकीच्या आडोशाला घालायला लावली.

मग आजी खाली पडायला गेल्या आणि कावळे हाकायला मी राहिलो. छत्री धरून. थोड्या वेळाने जिन्याकडे कडी वाजल्याचा आवाज आला. टाकी साफ करणारे गेले म्हणून वॉचमनने दाराला कुलूप घातलं होतं. मोबाइल खाली चार्जिंगला. बायको सिमल्यासाठी भर मेमध्ये लोकरीचे मोजे शोधायला तुळशीबागेत. माझ्या खिशात निम्म्या इमारतीच्या किल्ल्या होत्या. गच्चीची तेवढी नव्हती.

मी कठड्यावरून ओरडलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बऱ्याच वेळाने एक हातगाडी आली. मी दोन्ही हात हलवले. गाडीवाल्याने वर पाहिलं, गाडी थांबवली आणि हात तोंडाशी नेऊन विचारलं, "किती डझन, साहेब?"

त्याला समजावेपर्यंत पश्चिमेकडून आभाळ काळवंडलं. आधी धुळीचा लोट, मग प्लॅस्टिक फडफडायला लागलं, मग टपोरे थेंब. वळीव. अर्धवट ओल्या कुरडया उचलायच्या कशा, त्या तर चिकटलेल्या! मी प्लॅस्टिकच चारी कोपऱ्यांनी गोळा करून टाकीखाली ओढलं आणि वर छत्री धरून स्वतः भिजत उभा राहिलो. दार उघडलं तेव्हा वॉचमनच्या मागे आजी होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी गठ्ठा उलगडला.

"माझ्या वाचल्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधीच तशा होत्या."

निघायच्या दिवशी मी अंग आंबलेल्या अवस्थेत बर्थवर पडलो आणि दौंड यायच्या आत घोरायला लागलो, असं बायको सांगते. मनमाडच्या आसपास फोनने जाग आली. तिसऱ्या मजल्यावरचे. मुलाला उन्हाळी लागली म्हणून एक दिवस आधीच परतले होते. "आम्ही दारात उभे आहोत. तुम्ही घरीच आहात ना?"

मी कुशीवर वळलो, तर पँटच्या खिशात काहीतरी टोचलं.

"अहो," बायको वरच्या बर्थवरून म्हणाली, "कसला आवाज झाला तो?"