भाराखाली मूर्च्छित पडणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची रीतसर चौकशी

ज्या गृहस्थाच्या घरचे ग्राफिक्स कार्ड रिकामे बसले असता अत्यंत सुशील, परंतु कामाला लावताच डोळे पांढरे करून आडवे पडणारे आहे, त्याच्या हितार्थ पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. प्रस्तुत लेखकाचा या विषयातील अधिकार एवढाच, की मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्य गेल्यामुळे फिर्यादी, जबान्या व पंचनामे यांच्याशी त्याचा निकटचा परिचय आहे. आणि सेवानिवृत्तीनंतर ‘जुनी छायाचित्रे नीट लावण्यासाठी’ या सबबीवर घरात आणलेल्या संगणकावर तो रोज दुपारी दोन ते चार मेक्सिकोच्या माळरानावर मोटार हाकतो. छायाचित्रे लावण्याच्या कामात हे कार्ड कधीही मूर्च्छित पडले नाही. मोटार चढणीला लागली, धुळीचे लोट उठले, सूर्य मावळतीला गेला, की नेमक्या त्या रम्य क्षणी ते प्राण सोडीत असे. आणि दुःखात भर म्हणून त्याच वेळी खालच्या पार्किंगमध्ये कोणीतरी मोटार मागे घेत असल्याची कर्कश शिटी कानी पडे. या शिटीबद्दल सोसायटीच्या चिटणिसांकडे आम्ही स्वतंत्र तक्रारअर्ज गुदरला होता, पण ते प्रकरण वेगळे.

चौकशीचा पहिला नियम असा, की फिर्याद कलमबंद होण्यापूर्वी निकाल देऊ नये. हा नियम आमच्या ओळखीतील कोणासही मान्य नाही. पिंपरीच्या भाच्याने दूरध्वनीवरूनच निदान केले, “मामा, ड्रायव्हर जुना असेल, अपडेट मारा.” दुकानातील मुलाने यंत्राकडे न पाहता सांगितले, “काका, फॉरमॅट मारावा लागेल.” ‘मारणे’ या क्रियापदाखेरीज या शास्त्रात अन्य उपचारच उपलब्ध नसावा, असा आमचा काही काळ ग्रह झाला होता.

तेव्हा प्रथम मयताची अवस्था नीट पाहावी, कारण कार्ड कसे पडले यावरून त्याला कोणी पाडले याचा पुष्कळसा उलगडा होतो. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळला, खेळ तेवढा बंद पडला आणि यंत्र शुद्धीवर राहिले, तर ती साधी घेरी समजावी. तीत ड्रायव्हर, अतिरिक्त वेग किंवा कार्डाच्या स्मृतीचा दोष संभवतो. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी व रांगोळ्या उमटू लागल्या, तर स्मृतीच भ्रमिष्ट झाली असण्याचा संभव अधिक. पडदा काळा, आवाज मात्र चालू, आणि कार्डाचे पंखे एकाएकी विमानासारखे घोंघावू लागले, तर कार्डाने स्वतःच राजीनामा दिला आहे असे धरून चालावे. आणि सारे यंत्र एका झटक्यात, जणू कोणी प्लग ओढला अशा रीतीने, निमाले, तर संशय कार्डावर ठेवण्याआधी त्याला वीज पुरवणाऱ्या खात्यावर ठेवावा. आमचे कार्ड या शेवटच्या वर्गातले होते, हे आम्हांस पहिल्याच दिवशी दिसत होते. परंतु दिसलेली गोष्ट मान्य करण्यास कचेरीला नेहमीच थोडा अवधी लागतो.

यानंतर दप्तर तपासावे. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचे एक दप्तर आहे, त्यात प्रत्येक घटनेची तारीख, वेळ व क्रमांक यांसह नोंद होते, आणि ते पाहून प्रस्तुत लेखकास नोकरीचे दिवस आठवून गहिवर आला. ड्रायव्हर घेरी येऊन सावरला असेल तर तेथे ४१०१ क्रमांकाची नोंद आढळते. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजने अशी व्यवस्था केली आहे, की कार्डाने आपणास मिळालेल्या हुकमाचे उत्तर दोन सेकंदांत न पाठवल्यास त्याला निरुपयोगी ठरवून त्याचा ड्रायव्हर पुन्हा नव्याने रुजू करून घ्यावा. दोन सेकंद! आमच्या कचेरीत खुलाशाची मुदत तीस दिवसांची असे, त्यानंतर स्मरणपत्र, त्यानंतर ताकीद. दोन सेकंदांचा न्याय कचेरीत लागू असता तर एकही कर्मचारी पुन्हा रुजू झाला नसता. उलटपक्षी सारे यंत्रच निमाल्यास दप्तरात ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी भारदस्त नोंद सापडते, आणि अपराधी गवसला या आनंदाने नवखा साधक ती सर्वांना दाखवीत सुटतो. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागील वेळी यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘मयत झाल्यामुळे’ असे लिहावे, त्यातलाच हा प्रकार होय.

उष्णतेवर संशय जाणे स्वाभाविक आहे, विशेषतः वैशाखात. परंतु हल्लीचे कार्ड तापले म्हणून लगेच मरत नाही. ते आधी आपला वेग उतरवते, आणि कित्येक कार्डांची ही उतरंड ८३ अंश सेल्सियसच्या आसपासच सुरू होते. म्हणून तापमान पाहताना केवळ सरासरीच्या आकड्यावर न विसंबता चिपमधील सर्वांत तप्त बिंदूचाही आकडा पाहावा. या दोहोंतील तफावत २५-३० अंशांवर गेली असल्यास थर्मल पेस्ट वाळून खाकरा झाली आहे किंवा आवरणाचे स्क्रू सैल आहेत, असे समजण्यास हरकत नाही. पंख्यांतील धूळ मऊ कुंचल्याने काढावी, आणि काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावून पाहणे ही या शास्त्रातील सर्वांत स्वस्त परीक्षा होय. आम्ही ती केली. कार्ड दहा अंशांनी थंड झाले, आणि थंडपणेच त्याच वळणावर मेले.

ड्रायव्हरचा समाचार थोडक्यात घेतो. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या अवजाराने समूळ काढून नवा घालावा. कारखान्यातूनच वेग वाढवून आलेले कार्ड असेल तर तो पन्नासेक मेगाहर्ट्झने उतरवून पाहावा. रॅमला वाढीव वेगाने धावू देणारी एक्सएमपी ही सवलत तात्पुरती तहकूब करावी, कारण रॅमने केलेला गुन्हा पुष्कळदा कार्डाच्या नावे नोंदवला जातो. मात्र एका वेळी एकच बदल करावा. तिन्ही एकदम केल्यास गुण आला तरी तो कोणाच्या खाती जमा धरावा हे कळत नाही, आणि न आल्यास तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता विजेच्या खात्याकडे वळू. येथे घाई करून चालणार नाही. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डास जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात; आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॅट मिळावेत असा दंडक आहे. कार्डाला अशा दोन जोडण्या असल्यास एसएमपीएसपासून, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या पेटीपासून, दोन स्वतंत्र तारा न्याव्यात. एकाच तारेला दोन तोंडे असलेली केबल लावून दोन्ही भोके बुजवणे ही काटकसर महागात पडण्याचा संभव आहे. आणि एका एसएमपीएसच्या केबली दुसऱ्यास कदापि लावू नयेत. टोकाची खाच सारखी दिसली तरी आतील पिनांचा क्रम निराळा असू शकतो, आणि त्या एका चुकीने सारे यंत्र जळून जाऊ शकते.

याखेरीज कार्डाचा स्वभाव असा, की खोक्यावर लिहिलेले वॅट ही त्याची सरासरी भूक असते. क्षणभरासाठी, म्हणजे काही मिलिसेकंदच, ते कित्येकदा त्याच्या दुपटीच्या घरात वीज मागते, आणि जुन्या घडणीचा एसएमपीएस हा दरोडा समजून दारे लावून घेतो. २०२२मध्ये जाहीर झालेल्या एटीएक्स ३.० या मानकाने तर एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भारही १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी तरतूद केली. म्हणूनच फरमार्कसारख्या परीक्षेत, जेथे भार एकसारखा असतो, कार्ड अर्धा तास ताठ उभे राहते आणि खेळात, जेथे भार क्षणाक्षणाला चढतो-उतरतो, पाचव्या मिनिटाला कोसळते. खेळाच्या मेन्यूलाही निरुपद्रवी मानू नये. जुलै २०२१मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चाचणी-आवृत्तीत काही आरटीएक्स ३०९० कार्डे चक्क मेन्यूवरच निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि पुढे कर्त्यांनी त्या मेन्यूतील फ्रेमच्या संख्येस मर्यादा घातली. आपणही फ्रेमची संख्या ६० वर बांधून पाहावी; तेवढ्याने मूर्च्छा टळली तर पुरवठ्यावरील आरोप बळावतो.

आमच्याकडे ती टळली. तेव्हा आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस बरखास्त करून साडेसातशेचा नेमला, दोन स्वतंत्र तारा ओढल्या, फ्रेमची बंदी उठवली आणि मेक्सिकोस निघालो. त्याच चढणीवर, त्याच धुळीत, यंत्र पुन्हा गतप्राण झाले. खाली शिटी वाजली. बाहेरच्या खोलीतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, पुन्हा इंटरनेट गेलं! मालिका अर्धवट राहिली माझी!” इंटरनेटविषयी आमचा तिसरा तक्रारअर्ज संबंधितांकडे आधीच प्रलंबित होता.

प्रकरण येथेच दप्तरदाखल व्हायचे, परंतु त्या संध्याकाळी सोसायटीच्या चिटणिसांचे लेखी उत्तर आले. त्यात आमच्या अर्जाचा संदर्भ देऊन कळवले होते, की तक्रारीत नमूद केलेली मोटार बॅटरी उतरल्यामुळे गेले तीन महिने जागची हललेली नाही, तरी सदर शिटीचा उगम आपण आपल्याच घरात शोधावा.

शोधला. टेबलाखाली पायाशी सहाशे व्हीएचा यूपीएस होता. मूर्च्छेनंतर यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी त्याचे बटण दर वेळी आमचाच हात दाबीत आला होता. परंतु हाताने केलेल्या कामाची नोंद डोक्याच्या दप्तरात झालीच नव्हती. मॉनिटरचा दिवाही प्रत्येक वेळी पूर्ण विझत असे. दोष कॅबिनेटमधील एसएमपीएसचा असता तर तो दिवा रंग बदलून का होईना, जागा राहिला असता, आणि मालिका तर मुळीच तुटली नसती. कारण राउटर, मॉनिटर, संगणक आणि देवघरातील विजेची समई हे चौघे एकाच यूपीएसच्या अन्नावर होते. यूपीएस उलटा करून पाहिला. मागच्या पट्टीवर ‘६०० व्हीए’च्या खाली, पुढाऱ्याच्या जाहीरनाम्यातील अटींइतक्या बारीक अक्षरांत, ‘३६० वॅट’ असे लिहिलेले होते.

मग जमाखर्च मांडला. कार्ड २२०, प्रोसेसर ११०, उरलेले किरकोळ ४०, एकूण ३७०. एसएमपीएस वाटेत जे उष्णतेच्या रूपाने खातो ते धरून भिंतीकडून मागणी ४१०च्या आसपास. मॉनिटर, राउटर व समई मिळून आणखी ४०. म्हणजे साडेचारशेचा वसूल तीनशे साठच्या तिजोरीतून. यूपीएस बिचारा आधी शिटी वाजवून फिर्याद करी, आणि फिर्याद शेजाऱ्याच्या नावे दाखल झाल्याचे पाहून संपावर जाई. साडेसातशेचा एसएमपीएस नेमून आम्ही घागर मोठी आणली होती, नळ होता तसाच होता.

कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणून भागते का, तेही पाहिले. हिशेब ३७७वर आला, म्हणजे समई विझवूनही भागेना, आणि समई विझवण्याची दरखास्त घरात नामंजूर झाली असती. तूर्त संगणक व मॉनिटर अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटला थेट जोडले आहेत, हजार व्हीएचा यूपीएस मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे, आणि जुन्यावर राउटर व समई सुखाने नांदत आहेत. मेक्सिकोतील ती चढण आम्ही त्याच दिवशी ओलांडली. पलीकडे आणखी एक चढण आहे.

सोसायटीकडील तक्रारअर्ज मागे घेण्याचा अर्ज आम्ही दिला असून तो पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. दरम्यान शेजाऱ्यांनी मोटारीस नवी बॅटरी बसवली आहे, आणि ती आता रोज दुपारी दोन वाजता मागे घेतली जाते. शिटी ऐकू आली, की आम्ही आधी टेबलाखाली वाकून पाहतो.