पालकाची सही, एकच

2024 ची दिवाळी चेन्नईत ताईकडे झाली. तिकडे नरकचतुर्दशी हीच मुख्य दीपावली. त्यामुळे 31 ऑक्टोबरच्या भल्या पहाटे शेजारच्या मामी दारात उभ्या. 'गंगा स्नानम् आच्चा?' असं विचारून त्यांनी वाटीभर दीपावली लेगियम हातावर ठेवलं. फराळ पचवायचं ते काळं, तिखट चाटण.

घरात मात्र प्रश्न एकच होता : सही झाली का?

भाच्याला अमेरिकेत शिकायचं होतं. 'रेग्युलर' अर्जाला जानेवारीपर्यंत वेळ होता, पण 'अर्ली डिसिजन' 1 नोव्हेंबरला भरायचा. हा अर्ज एकाच कॉलेजला. डिसेंबरात होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. साखरपुड्याची उपमा मी देणार नव्हतो. साखरपुडा मोडता तरी येतो. शिवाय वचननाम्यावर सह्या तीन : मुलाची, शाळेच्या समुपदेशकाची आणि पालकाची. म्हणजे एका पालकाची.

इथे गाडी अडली. दाजी म्हणाले, "तू कर, गणित तुझं चांगलं." ताई म्हणाली, "घराच्या कर्जावर तुम्हीच केली होतीत ना? मग हीही करा." मुद्दा उघड होता. ज्याची सही, त्याने पुढची चार वर्षं बोलणी खायची. दाजींच्या आई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "पुण्याचा फ्लॅट विकणार माझा, आणि माझ्या सहीला चौकट नाही होय?" खरंच नव्हती. बरं, सही म्हणजे तरी काय, तर नाव टाइप करायचं. दाजींनी पहिलं अक्षर टाइप केलं, खोडलं, चहा मागितला. पुन्हा टाइप केलं, तेही खोडलं, आणि मग लॅपटॉप चार्जिंगला लावायला हवा असं त्यांच्या लक्षात आलं.

हीच ताई मैलापूरच्या माडा वीथीवर भेंडीचं शेपूट मोडून बघितल्याशिवाय ती पिशवीत टाकत नाही. आणि इथे? वर्षाला 90 हजार डॉलरच्या आसपास, डॉलर तेव्हा 84 रुपयांना, चार वर्षांचे तीन कोटी. फी-सवलत किती मिळणार ते होकाराबरोबर कळणार, म्हणजे 'घेतो' म्हटल्यावर भाव! सवलत अपुरी असेल तर सुटका आहे म्हणे, पण सतरा वर्षांच्या पोराला घरी बसून 'अपुरी' म्हणायला लावायचं कुणी? चार ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून बघायची चैन मार्चअखेर, रेग्युलरवाल्यांना. आणि काही बडी खाजगी कॉलेजं तोवर निम्म्या जागा भरून मोकळी झालेली असतात. ज्याला भाव विचारायची गरज नाही त्याला आधी दार उघडायचं, जो पाकीट चाचपतो त्याला रांगेत मागे उभं करायचं, आणि या सगळ्याला म्हणायचं काय, तर विद्यार्थ्याची 'निष्ठा'! निष्ठा कसली डोंबलाची? तीन कोटी खिशात असले की मीही पाच कॉलेजांशी एकनिष्ठ राहीन.

1 नोव्हेंबरच्या रात्री अकरा चाळीसला दाजींनी एका दमात नाव टाइप केलं आणि उठून लेगियमची वाटी शोधू लागले. ती ताईने केव्हाच चाटून ठेवली होती.